चार नंबरचं साटंलोटं

कपडे पाण्यात टाकण्याआधी मथुराबाई प्रत्येक खिसा उलटा करतात. जर्सीला खिसा नसतो, तरी छातीवर एकदा हात फिरवतात.

चहा कपातून पितात. बशी श्रावणकाकांसाठी भरून ठेवतात.

मोज्यांचा डावा-उजवा हातानंच ओळखतात. तोंडानं गप्पा चालू असतात.

संघ जिंकला तर कपड्यांना थंड पाणी, हरला तर कोमट. हरलेल्याच्या अंगाला घाम जास्त चिकटतो, असं त्यांचं म्हणणं.

खेळाडूंना नावानं हाक मारत नाहीत. "ए सात नंबर, जेवला का?" असं विचारतात.

आणि सामना पाहत नाहीत. मैदान टाक्यापासून पन्नास पावलांवर आहे. नऊ वर्षांत एकही सामना त्यांनी पाहिलेला नाही.

ही यादी करायला दीपाला दोन महिने लागले. तिनं मराठीत एम.ए. केलं होतं. घाटंजीत एम.ए.ला काम नव्हतं, आणि गावातल्याच वाघाडी फुटबॉल क्लबला पत्रं लिहिणारं माणूस हवं होतं. क्लब पगारी होता. आठ गावांची लीग, आठ क्लब, खेळाडूंशी वर्षावर्षाचे करार. मालक किसनसिंग यांची कापसाची जिनिंग होती. जिनिंगच्या मागं मैदान, मैदानाच्या मागं कचेरी, कचेरीच्या मागं सिमेंटचं टाकं. टाक्यावर मथुराबाई. त्यांचे यजमान श्रावणकाका सामन्याआधी मैदानावर पाणी मारायचे.

कपडे धुवायची मशीनही होती. किसनसिंगांनी हौसेनं आणली होती. मथुराबाई तिच्यावर कांदे वाळत घालत.

लीगची एक रीत होती. पाहुण्या संघाचे कपडे यजमानांनी धुवायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं पाठवायचे. त्यामुळे आठही संघांचा घाम मथुराबाईंच्या हाताखालून गेला होता. याचा अर्थ दीपाला एका संध्याकाळी कळला.

ती चहा घेऊन टाक्यावर गेली होती. मथुराबाईंनी चार नंबरची जर्सी दोन्ही हातांत ताणून धरली होती.

"हे वाच."

"काय वाचू, मावशी? सुनील लिहिलं आहे."

"ते तं मीच शिवलं. त्याच्या खालचं वाच."

खाली नुसती माती होती.

"दोन रंगाची हाये का नाही? लाल खाली, काळी वर."

मैदान तसंच होतं. जिनिंगकडचा अर्धा भाग मुरमाचा, नाल्याकडचा काळ्या मातीचा. नाल्याकडं उभं राहिलं की ऊन पाठीवर येतं, म्हणून पहिल्या हाफला ती बाजू पाहुण्यांना द्यायची, ही वाघाडीची जुनी रीत. मग वाघाडीचा गोल पहिल्या हाफला मुरमावर, दुसऱ्या हाफला काळ्यावर. तिथंच झटापट. म्हणजे लाल डाग पहिल्या हाफचा आणि काळा दुसऱ्या हाफचा.

"लाल वाळून गेली, तिच्यावर काळी बसली," मथुराबाई म्हणाल्या. "नव्वद मिनटं घासलं या पोट्ट्यानं. आन हे पाह्य. मागचा काठ कसा लोंबला. ज्याले कोनी आवरू शकत नाही, त्याचाच सदरा लोक वढतात."

दीपानं दोन वर्षं कवितांचे अर्थ लावले होते. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"मावशी, मग तुम्ही सामना का नाही पाहत?"

"कायले? मंग वाचाले काय राह्यते?"

टाक्याजवळच्या फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. खिशात सापडलेलं सगळं त्या डब्यात जाई. किल्ल्या, तिकिटं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, एकदा तर दाढ. प्रत्येक वस्तूला चिंधी बांधलेली, चिंधीवर खेळाडूचा आकडा. नियम एकच. ज्याचं त्यानं मागायला यायचं. मथुराबाई आपणहून कुणाला बोलावत नसत. पूर्वी बोलावत. एकदा अकरा नंबरच्या खिशात चिठ्ठी निघाली. त्यांनी ती भर मैदानात हाक मारून दिली. चिठ्ठी त्याच्या होणाऱ्या बायकोची नव्हती. होणारी बायको मैदानातच उभी होती.

तेव्हापासून ज्याचं त्यानं मागावं.

मे संपला, तसे करारही संपले.

जूनचे पहिले दहा दिवस लीगमध्ये धामधूम असते. ज्याचा जुना करार संपला आणि नव्यावर सही झाली नाही, तो खेळाडू मोकळा. त्यानं कुठंही जावं. ज्याचा करार पक्का, त्याची मात्र क्लब अदलाबदल करू शकतात. एक द्यायचा, एक घ्यायचा. नियमांच्या पुस्तकात त्याला ट्रेड म्हटलं होतं.

वाघाडीचा राखीव गोलरक्षक पोलीस भरतीत गेला. सात नंबर मोकळा झाला आणि त्यानं राळेगावचा क्लब धरला. जाताना टाक्यावर येऊन डब्यातली सायकलची किल्ली मागून घेऊन गेला. यवतमाळचा एक डावखुरा मोकळाच होता, तो वाघाडीनं उचलला. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

पण किसनसिंगांना गोल हवे होते.

"मागच्या वर्षी आपन गोल खाल्ले कमी," ते म्हणायचे. "आन केले त्याहून कमी."

ढाणकीच्या क्लबात विक्की नावाचा आघाडीचा खेळाडू होता. एका हंगामात तेरा गोल. ढाणकीला बचाव पक्का करायचा होता. त्यांचे व्यवस्थापक देवीलाल यांनी फोन केला. विक्की घ्या, सुनील द्या.

सुनील वाघाडीचा कप्तान. वय एकतीस, बचावाचा कणा. पारव्याच्या रस्त्यावरच्या तांड्यातला. बायको सोनू, दोन वर्षांची मुलगी, आई-वडील, सगळे तांड्यावर. सरावाला यायला एसटीनं अर्धा तास. ढाणकी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. दोन गाड्या बदलायच्या, आणि दुसरी वेळेवर आली तर नशीब.

सुनील मैदानात ओरडायचा. मैदानाबाहेर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे.

किसनसिंग टाक्यावर आले.

"मथुराबाई, चार नंबरवरचं नाव काढून ठेवा. सुनील ढाणकीले चालला. विक्की येऊन राह्यला आपल्याकडं."

मथुराबाईंची कपडे बडवायची मोगरी थांबली.

"म्हनजे साटंलोटं."

"ट्रेड म्हनते त्याले."

"काईबी म्हना. तुमची पोरगी त्याईच्या घरी, त्याईची पोरगी तुमच्या घरी. सुनीलले इचारलं?"

"करार आहे ना. त्याच्यात इचारायचं काय?"

"मलेबी नोहतं इचारलं कोनी."

किसनसिंगांचा फोन वाजला. ते बोलत बोलत निघून गेले.

मथुराबाईंनी हात पुसले. जर्सी मांडीवर घेतली. नावाची तीन अक्षरं पांढऱ्या कापडाची होती, एकेक वेगळं कापून शिवलेलं. सु, नी, ल. त्यांनी सुईच्या टोकानं ‘सु’चा पहिला टाका उचलला. दीपा शेजारी बसली.

"तुमचं लग्न साटंलोट्याचं, मावशी?"

"हाव. माह्या भावाले या घरची पोरगी देल्ली, आन मले या घरात. मी राळेगावकडची. एकाच मांडवात दोन्ही लग्नं. एकच जेवन, एकच बँड. लोक म्हने, सस्त्यात झालं."

दुसरा टाका. तिसरा.

"मंग वर्षाभरात माह्या भावाचं आन नणंदेचं भांडन झालं. भाजीत मीठ जास्त झालं म्हनून. ते रुसून इकडं आली. आता साट्याचा कायदा कसा हाये, त्याईची पोरगी परत आली तं त्याईनं मलेबी परत धाडलं. आमचं काईच भांडन नोहतं! आमची भाजी बराबर होती!"

दीपाला हसू आलं. मग आवरलं.

"चार महिने बसलो मी माह्येरी. हा मानूस जिनिंगात कापूस भरे. राळेगावची गाडी निघाली का टपावर चढे. बजारात मले भेटे, भजे चारे, आन त्याच गाडीनं परत. आपल्याच बायकोले चोरून भेटे, सांग बरं!"

मैदानावर पाण्याचा पाईप ओढत असलेल्या श्रावणकाकांनी मान वर केली. "भजे गरम राह्यत," ते म्हणाले.

"साट्यात गेलेल्याले कोनी इचारत नाही, दीपा. तू गाय दे, मी म्हैस देतो. गायीले कोन इचारते?" त्यांनी ‘सु’ सुटा केला आणि तळहातावर ठेवला. "हा पोट्टा गेला तं तिकडं मनानं खेळन का? अंग जाईन त्याचं. आन इकडं सोनू."

"किसनभाऊ ऐकणार नाहीत. उद्या देवीलाल कागद घेऊन येतायत."

मथुराबाईंनी ‘नी’च्या टाक्याला सुई लावली. मग काढली.

"आता उजेड कमी हाये," त्या म्हणाल्या. चार वाजले होते. ऊन रखरखत होतं.

दुसरा दिवस बाजाराचा.

श्रावणकाका सकाळी चहाच्या टपरीवर बसले होते. कुणीतरी क्लबची बातमी विचारली. त्यांनी बायकोचाच शब्द वापरला. "आमच्या सुनीलचं साटंलोटं ठरलं ढाणकीले."

शब्द टपरीवरून भाजीवाल्यांकडे गेला. तिथून मिरचीवाल्यांकडे. अकराच्या सुमाराला मिरच्या घेत उभ्या असलेल्या सुखीबाईंच्या कानावर पडला. सुखीबाई म्हणजे सुनीलची आई. त्यांनी मिरच्या तिथंच टाकल्या.

कचेरीत तेव्हा देवीलाल नुकतेच येऊन टेकले होते. किसनसिंगांनी सरबत मागवलं होतं. सुनील सहीसाठी आला होता आणि दाराशी भिंतीला पाठ लावून उभा होता. दीपा कागद लावत होती. धुतलेले टॉवेल द्यायला मथुराबाई आत आल्या होत्या. खरं तर टॉवेलांची गरज नव्हती.

दार ढकलून सुखीबाई आल्या. मागून टपरीवरची चार माणसं.

"कोन हाये तो सेठ, माह्या पोराचं दुसरं लगन लावनारा?"

किसनसिंग उठून उभे राहिले. "माय, बसा तुमी. सरबत घ्या."

"सरबत कायले? माही सून घरात जितीजागती हाये. दोन वर्साची नात हाये. आन तुमी परस्पर साटं लावता? कोन थे ढाणकीची पोरगी? विक्की नाव हाये म्हनते. हे काय नाव झालं?"

देवीलाल घाईनं म्हणाले, "विक्की पोरगा हाय, बाई."

सुखीबाई थांबल्या. देवीलालांकडं पाहिलं, मग किसनसिंगांकडं.

"पोराचं पोराशी साटं कसं लावता, बावा? मले समजून तं सांगा."

टपरीवरची माणसं खिडकीला धरून हसत होती. दीपानं तोंडावर फाईल धरली. सुनीलचे कान लाल झाले.

"याडी, लगन नोहे," तो आईला म्हणाला. "खेळ हाये. मले ढाणकीच्या क्लबात देऊन राह्यले. त्याईचा विक्की इकडं येऊन राह्यला."

"देऊन राह्यले?" सुखीबाईंचा आवाज उतरला. "मंग तू काय म्हनला?"

"मले कोनी इचारलं नाही."

हसणं थांबलं.

सुखीबाई मथुराबाईंकडे वळल्या. "जय सेवालाल, बाई. हे खरं हाये का?"

"जय भीम. खरं हाये, माय. पर साटंलोटं हा शब्द माहा. त्याच्यापाई तुमच्या मिरच्या राह्यल्या."

"मिरच्या जाऊ द्या."

किसनसिंगांनी घसा साफ केला. "हे पाहा माय, नियमानं चालून राह्यलं सगळं. सुनीलचा करार आहे आमच्यासंगं. करार असला का क्लब ठरवते. दीपा, काढ चार नंबरची फाईल."

दीपानं फाईल उघडली. मागच्या वर्षीचा करार होता. तारीख एकतीस मे. तिनं पान उलटलं. पुढं काही नव्हतं.

"भाऊ, नवा करार तुमच्याकडे आहे ना?"

"माह्याकडं? मी सुनीलले देल्ला. शेवटच्या सामन्याच्या दिवशी. मैदानात, सगळ्याईसमोर, कप्तान म्हनून हातात देल्ला. सही करून आन म्हटलं."

सगळे सुनीलकडे पाहायला लागले. सुनील आपल्या पायांकडे.

"ट्रॅकपँटच्या खिशात ठेवला," तो म्हणाला. "मंग पँट धुन्यात गेली."

"आन सांगतलं काहून नाही?"

"फुगून गेला असन पान्यात. तुमी रागवसान म्हनून…"

"दीड महिना?"

"मले वाटलं, तुमी इचारसान."

मथुराबाई टॉवेल टेबलावर ठेवून बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा हातात बिस्किटांचा डबा होता. त्यांनी झाकण काढलं, चार आकड्याची चिंधी शोधली. चिंधीत कागद होता. चार घड्या. कोरडा ठणठणीत.

"ज्याचं त्यानं मांगाव लागते, हे तुले माईत नाही का रे, चार नंबर?"

दीपानं कागद उलगडला. सगळं छापलेलं होतं. सहीची जागा कोरी होती. तिनं दोनदा वाचलं. मग तिचं तिलाच खरं वाटेना.

"भाऊ, सुनील एक जूनपासून मोकळा आहे."

"म्हनजे?"

"म्हणजे तुम्ही त्याला देऊ शकत नाही. तो तुमचा नाही."

"माहा हाये," सुखीबाई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या.

किसनसिंग व्यापारी माणूस. त्यांनी खिशातला पेन काढला. "सोपं आहे. सुनील, आत्ता कर सही. करार झाला का ट्रेड करू. दहा मिनटाचं काम."

सुनीलनं पेन हातात घेतला. सवयीनं. सांगितलं की करायचं, हे त्याच्या अंगात होतं. दीपाला ओरडावंसं वाटलं.

"थांब," मथुराबाई म्हणाल्या. "किसनभाऊ, तो विक्की तुमी पायला का?"

"पायला म्हनजे? तेरा गोल हाणले त्यानं!"

"मी नाही पायला. मी धुतला. दोन डाव ढाणकीचे पोट्टे अठी आले, लीगले एकदा आन चषकाले एकदा. दोन्ही डाव त्याच्या नऊ नंबरच्या चड्डीले लाल माती. चिकार. काळी नाही. एक ठिपका नाही. पहिल्या हाफले तो आपल्या गोलावर येते, मुरमावर पडते, उठते. दुसऱ्या हाफले आपला गोल काळ्यावर. तठी तो पडतच नाही. कारन तो जातच नाही. आन डाव्या मोज्याच्या आतून चिकटपट्टीचा गोंद, घुडघ्यावरून वघळलेला. गोंद काढता काढता नख गेलं माहं."

दीपा उठली. कपाटातून लीगची गोलांची वही काढली. बोट लावून वाचायला लागली.

"विक्की. बारावं मिनिट. एकोणिसावं. तिसावं. आठवं. एक्केचाळिसावं…" तिनं पान उलटलं. तेराही गोल वाचले. तेराही पंचेचाळीस मिनिटांच्या आतले.

वही सगळ्यांकडे होती. आठही क्लबांकडे. हे कुणालाही दिसलं नव्हतं.

देवीलालांचा चेहरा उतरला. "मले माईत नोहतं," ते म्हणाले. "आईची आन. तो म्हने, दुसऱ्या हाफले मले मागं खेळू द्या. आमाले वाटलं, डोकं लावून राह्यला."

"घुडघा लपवून राह्यला," मथुराबाई म्हणाल्या. "सांगतलं तं काढून टाकान, ह्या भेवानं. त्याले आधी दवाखान्यात न्या. त्याचा करार हाये ना तुमच्यासंगं? मंग निभवा. रुसून आलेल्या पोरीले कोनी इकत नाही."

देवीलालांनी मान हलवली. मग सरबताचा ग्लास संपवला. आणि ग्लास खाली ठेवता ठेवता त्यांच्या डोळ्यांत चमक आली. माणूस वाईट नव्हता, पण व्यवस्थापक होता.

"पर सुनीलभाऊ," त्यांनी खुर्ची सरकवली, "तुमी तं मोकळे हा! मंग साट्याची गरजच काय? थेट या आमच्याकडं. राहाले खोली देतो. कप्तानी देतो. बायकोपोरीले घेऊन या." पिशवीतून कोरा करार निघाला. "हे घ्या. पेन तं तुमच्या हातातच हाये."

किसनसिंग मटकन खाली बसले. आत्तापर्यंत एक देऊन एक घ्यायचा होता. आता एक फुकट चालला होता. टेबलावर दोन करार होते, दोन्ही कोरे. सुनीलच्या हातात पेन होता. आयुष्यात पहिल्यांदा पुढचं त्याच्यावर होतं.

पंखा फिरत होता.

किसनसिंगांनी त्या पेनाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सुनील, तुले काय पाह्यजे?"

"आता इचारता?" मथुराबाई म्हणाल्या.

"आता तरी इचारून राह्यलो ना, बाई!"

सुनीलनं घाम पुसला. मैदानाबाहेर इतकी वाक्यं तो कधी सलग बोलला नव्हता.

"मले अठीच खेळाचं हाये. पर मले कोठी द्याचं असन, तं आधी मले सांगा. मी हाव म्हनलो तं द्या. आन आमच्या तांड्यावरच्या पोरी खेळून राह्यल्या आजकाल. दगडाचे गोल लावते. त्याईले रविवारी सकाळी मैदान पाह्यजे."

"बस?"

"बस."

"येड्या," देवीलाल कळवळून म्हणाले, "पगार तं वाढवून मांग!"

कचेरी हसली. सुखीबाईही हसल्या, आणि सुनीलच्या पाठीत एक धपाटा घातला. तो कशासाठी होता ते कुणी विचारलं नाही. किसनसिंगांनी पगारही वाढवला. देवीलालांसमोर त्यांना तसंही वाढवावाच लागला असता.

करारात नवं कलम घालायचं होतं. दीपा लिहायला बसली. पहिला मसुदा फार मोठा झाला. दुसरा सुंदर झाला. तिनं दोन्ही फाडले. तिसऱ्यांदा लिहिलं: ‘खेळाडूला विचारल्याशिवाय त्याची अदलाबदल करू नये.’

"बराबर," मथुराबाई म्हणाल्या. "हे समजते."

साक्षीदार हवा होता. किसनसिंगांनी कागद मथुराबाईंपुढं सरकवला. त्यांनी हात पदराला दोनदा पुसला. चौथीपर्यंत शाळा झालेली. त्यांनी एकेक अक्षर शिवल्यासारखं घातलं. मथुरा श्रावण नगराळे. शेवटी वरची रेघ ओढली, टाका पक्का करावा तशी.

जाताना देवीलालांनी दारात हळूच विचारलं, "मथुराबाई, आमच्या पाच नंबरचं काय मत हाये तुमचं?"

"पाह्यन," त्या म्हणाल्या. "धुनं आलं का."

सुखीबाई आणि मथुराबाई मग मिरच्यांना गेल्या. दोघींनी भाव पाडला.

नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू झाला. पहिलाच सामना ढाणकीशी, घाटंजीत. तांड्यावरून एक गाडी भरून पोरी आल्या होत्या. रविवारच्या सरावाच्या.

सुनील कप्तान म्हणून पुढं आला. वळला तेव्हा त्याची पाठ लोकांना दिसली. पाठीवर चार आकडा होता, आणि वर लिहिलं होतं ‘नील’.

आधी कुणाला कळलं नाही. मग पोरींनी वाचलं. "नील! नील!" मग टपरीवाले. मग सगळं मैदान. सोनूनं मुलीला खांद्यावर घेतलं होतं. मुलगी बापाला नावानं हाक मारत होती, अर्ध्याच. सुनील गोंधळून मागं मागं पाहत होता. हा नील कोण नवा आला, असं त्याला वाटत असावं.

दुसऱ्या हाफला ढाणकीनं विक्कीला उतरवलं. चार महिन्यांपूर्वी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पंचाहत्तराव्या मिनिटाला तो सुनीलला चुकवून निघाला. सुनीलनं त्याचा सदरा ओढला. विक्की काळ्या मातीत आडवा झाला, उठला, आणि त्याच फ्रीकिकवर गोल केला. एकास एक. किसनसिंगांनी कपाळाला हात लावला. मग टाळ्या वाजवल्या.

सामना संपताच विक्की हात मिळवायला थांबला नाही. देवीलालांकडून त्याला सगळं कळलं होतं. तो धावत टाक्यावर गेला. मथुराबाई हौदात पाणी सोडत होत्या. तो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि गर्रकन वळला. चड्डी, पाठ, कोपरं, सगळं काळं.

"मावशी, वाचा!"

मथुराबाईंनी वरपासून खालपर्यंत वाचलं. सावकाश. मग सदऱ्याचा मागचा काठ बोटानं चाचपला. लोंबला होता.

"बेस," त्या म्हणाल्या. "आता काढ. काळी लवकर निघत नाही. बरोबरी झाली वाटते?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू हासून राह्यला. आन तिकडं आमचा चार नंबरबी हासून राह्यला."

दीपा चहा घेऊन आली होती. दोरीवर चार नंबरची जुनी जर्सी वाळत होती. आजचीही तिच्याशेजारी येणार होती. आजच्या नव्या जर्सीवर मथुराबाईंनी जुनीवरचीच अक्षरं उचलून लावली होती. उरली होती तेवढी.

"मावशी, ‘सु’ कधी लावणार?"

"लावतो ना. दहा मिनटाचं काम."

हेच त्या जूनपासून म्हणत होत्या.

अजूनही तेच सांगतात. हंगाम अर्धा झाला. लोक सुनीलला रस्त्यातही नील म्हणतात. ‘सु’ बिस्किटांच्या डब्यात आहे, चार आकड्याच्या चिंधीत. त्याला सुई टोचलेली आहे आणि सुईत पांढरा दोरा ओवलेला आहे. ज्याचं त्यानं मागावं. सुनीलनं अजून मागितलेलं नाही.